कुरुंदकर गुरुजी आणि आपली एक दिवसाची वादविवाद स्पर्धा

१० फेब्रुवारी १९९१ हा दिवस रविवार होता. जनगणनेचं काम आदल्याच दिवशी सुरू झालं होतं आणि आपले निम्मे शिक्षक खांद्याला पिशवी अडकवून नांदेडच्या गल्लीबोळांत माणसं मोजत फिरत होते. नेमक्या त्याच दिवशी मराठीच्या सरांनी शाळेत आंतरशालेय वादविवाद स्पर्धा ठेवली. आपण नववीत होतो. कामाची वही सरांनी माझ्याकडे दिली. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला त्या स्पर्धेची हकीकत लिहायला सांगितली आहे. लिहितो, पण ती एकट्याने उभी राहत नाही. स्पर्धा कुरुंदकर गुरुजींच्या स्मृतिदिनी होती आणि त्या दिवशी जे चुकलं ते गुरुजींच्या आयुष्याशी बांधलेलं आहे. म्हणून आधी गुरुजी. आपल्यापैकी बहुतेकांना तेव्हा ते हार घातलेल्या फोटोपलीकडे माहीत नव्हते. मला तर नव्हतेच.

नरहर अंबादास कुरुंदकर यांचा जन्म १५ जुलै १९३२ चा. गाव कुरुंदा, तालुका वसमत. तेव्हा तो भाग परभणी जिल्ह्यात होता, आता हिंगोलीत आहे. राज्य निजामाचं. कचेरीत उर्दू, उस्मानिया विद्यापीठात शिकायचं तेही उर्दूत, आणि घरात, बाजारात, देवळात मराठी. चार माणसं जमवून जाहीर बोलायचं तर आधी सरकारची परवानगी लागे. गश्ती निशाण ५३ हे त्या हुकमाचं नाव आपल्या आजोबांच्या पिढीला पाठ होतं. स्पर्धेच्या वहीत माझं पहिलं काम ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचं होतं. त्यासाठी दोन खेटे घालावे लागले म्हणून मी सरांपुढे कुरकुर केली. सरांनी तिथेच व्हरांड्यात उभं राहून मला गश्ती निशाण समजावून सांगितलं. त्यानंतर मी कुरकुर केली नाही.

गुरुजी सहा वर्षांचे होते तेव्हा, १९३८ साली, हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती जन्मण्याआधीच बंदी आली आणि स्वामी रामानंद तीर्थ सत्याग्रह करून तुरुंगात गेले. सोळा वर्षांचे झाले तेव्हा १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांत भारतीय फौजा आत आल्या आणि निजामाचं राज्य संपलं. म्हणजे बालपण आणि शाळा, दोन्ही त्या लढ्याच्या आत गेली. चळवळीचं वारं शाळकरी मुलांपर्यंत पोचलं होतं आणि नरहर त्यात ओढले गेले. पुढे त्यांनी या सगळ्यावर हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन हे पुस्तक लिहिलं. ज्यांनी सतरा सप्टेंबरला फक्त झेंडावंदन आणि चिवडा-पेढे पाहिले, त्यांनी ते अवश्य वाचावं. आपल्या भागाच्या इतिहासाकडे आपलाच माणूस किती थंड डोक्याने बघू शकतो ते त्यात दिसतं. स्वामीजींबद्दल गुरुजींच्या मनात शेवटपर्यंत भक्तिभाव होता, पण हिशेब मांडताना ती भक्ती त्यांनी आड येऊ दिली नाही.

मॅट्रिकनंतर ते हैदराबादला गेले. मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर उस्मानियात मराठीचे प्राध्यापक, मोठे व्यासंगी. भाच्याला सिटी कॉलेजात घातलं. आता पुढचा भाग मी १९९१ साली गाळला होता, म्हणून यावेळी नीट सांगतो. गुरुजी इंटरला नापास झाले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. वर्गात बसण्यापेक्षा ग्रंथालयात बसणारा हा मुलगा. इतिहास, धर्मशास्त्र, काव्यशास्त्र, मार्क्स, जे हाताला लागेल ते वाचून काढणारा. आणि परीक्षेचा निकाल लागला की यादीत नाव नाही. अशा मुलाकडे घरचे, शेजारचे, नात्यातले कसे बघतात हे आपण सगळे जाणतो. विसाव्या वर्षी मोठ्या प्राध्यापकांशी वाद घालावा आणि त्याच वर्षी नापासाच्या यादीत असावं, हे दोन्ही एकाच अंगावर वागवणं सोपं नसणार.

१९५५ साली ते नांदेडला प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले. आठ वर्षं तिथे शिकवलं. शिकवता शिकवता पदव्या पुऱ्या केल्या, मराठीचे एम.ए. झाले आणि १९६३ मध्ये पीपल्स कॉलेजात अधिव्याख्याता म्हणून गेले. हे कॉलेज स्वामीजींनी १९५० साली काढलेल्या संस्थेचं. मुक्तिसंग्राम संपल्यावर दोनच वर्षांत नांदेडसारख्या गावात कॉलेज निघालं, ही गोष्ट आपण फार गृहीत धरतो. १९७७ साली गुरुजी तिथेच प्राचार्य झाले. पण गावाने त्यांना कधी प्राध्यापक म्हटलं नाही, प्राचार्य तर त्याहून नाही. शाळेतला गुरुजी हा शब्द जो चिकटला तो चिकटलाच. आमचे सर त्यांच्या प्रतिभा निकेतनातल्या वर्गात बसलेले. त्यामुळे आमच्या शाळेत तर दुसरं नाव चालतच नसे.

त्यांनी काय काय लिहिलं याची यादी मी त्या दिवशी धडाधडा वाचून दाखवली होती आणि समोरची मुलं जांभया देत होती. आज यादी देत नाही. तीनच गोष्टी सांगतो.

रणजित देसाई श्रीमान योगी लिहीत होते तेव्हा गुरुजींनी त्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. लढाया आणि पराक्रम सांगून शिवाजी समजत नाही, असा त्यातला रोख. राजा गेल्यावर, औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरल्यावर, राजधानी पडल्यावरसुद्धा इथली साधी माणसं वर्षानुवर्षं लढत का राहिली, याचं उत्तर ज्या चरित्रात नाही ते अपुरं, असं त्यांचं म्हणणं. १९६८ साली कादंबरी आली तेव्हा हे पत्रच प्रस्तावना म्हणून छापलेलं होतं. लेखकाच्या कामातल्या उणिवा दाखवणारं पत्र लेखकाने स्वतःच्या पुस्तकाच्या तोंडाशी छापावं, यात दोघांचाही मोठेपणा आहे. मी मात्र कादंबरीआधी प्रस्तावना दोनदा वाचली आणि कादंबरी नंतर कधीतरी.

दुसरी गोष्ट मनुस्मृतीची. त्यावर त्यांनी व्याख्यानं दिली, ती पुढे पुस्तकात आली. गुरुजी नास्तिक, समाजवादी, आणि मनुस्मृतीचे कडक विरोधक. पण शिवी देऊन मोकळे होणारे नाहीत. मनुस्मृतीच्या समर्थकांचं म्हणणं ते आधी एकेक करून मांडतात. अशा नेटकेपणाने मांडतात की समर्थकालाही इतकं चांगलं मांडता आलं नसतं. आणि मग एकेक खांब काढून घेतात. शिवरात्रमध्ये गोपाळ गोडसे यांच्या पुस्तकाचा समाचार घेतला तोही असाच, समोरच्याने दिलेला पुरावा त्याच्याच शब्दांच्या आधारे तपासत. राग असणारच. तो त्यांनी मुद्द्यांच्या मागे ठेवला.

तिसरी गोष्ट म्हणजे ते नांदेड सोडून गेले नाहीत. भरताच्या नाट्यशास्त्रावर अधिकाराने बोलणारा, रिचर्ड्सच्या कलामीमांसेवर पुस्तक लिहिणारा, साधनाच्या वाचकांना माहीत असलेला माणूस पुण्या-मुंबईला सहज रमला असता. हे इथेच राहिले आणि महाराष्ट्रभर व्याख्यानांना एसटीने, रेल्वेने हिंडले. नवख्या लेखकांच्या पुस्तकांना प्रस्तावना लिहीत राहिले. या हिंडण्याने प्रकृतीची काय दशा केली असेल ते सांगायला नको. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला, व्यासपीठावरच, हृदयविकाराने ते गेले. वय ४९. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा झाला. गुरुजींच्या हयातभर लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं. नांदेड-लातूर अशी चुरस तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हती.

ती चुरस आमच्या स्पर्धेत होती, आणि भरपूर होती. लातूर पॅटर्न हा शब्द तेव्हा नुकताच कानावर पडू लागला होता. सरांनी विषयच असा ठेवला की ठिणगी पडावी: परीक्षेतील गुण हीच गुणवत्तेची खरी कसोटी आहे. नांदेडच्या सात शाळा आणि लातूरच्या दोन. प्रत्येक शाळेचे दोन स्पर्धक, एक बाजूने, एक विरुद्ध. कोण कुठल्या बाजूने ते सकाळी चिठ्ठी उचलून ठरायचं. त्यामुळे दोन्ही बाजूंची तयारी करावीच लागे. बोलायला पाच मिनिटं. चौथ्या मिनिटाला एक टोल, पाचव्याला दोन. मग खंडनाच्या फेरीसाठी दोन मिनिटं, आणि तिथे सरांचा खास नियम होता. पहिल्या अर्ध्या मिनिटात विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आपल्या तोंडाने सांगायचा. तो बरोबर सांगितला असं समोरच्या स्पर्धकाने मान हलवून कबूल केलं तरच पुढे बोलायचं. नाही कबूल केलं तर वेळ चालूच. या नियमाला सर गुरुजींचा नियम म्हणत. मनुस्मृतीचं पुस्तक वाचल्यावर, म्हणजे कॉलेजात गेल्यावर, मला तो कुठून आला ते कळलं.

आता वहीकडे येतो. आपल्या शाळेचे दोन स्पर्धक निवडायला आधी वर्गात एक फेरी झाली होती. तुम्हाला आठवत असेल, त्यात सगळ्यांत चांगलं कोण बोललं. बाजूने बोल म्हटलं तर बाजूने, विरुद्ध म्हटलं तर विरुद्ध, हातात कागद न घेता. पण तो आठवीत एकदा नापास होऊन आपल्या वर्गात आलेला होता. बाहेरच्या शाळांची हुशार मुलं येणार, लातूरचे येणार, त्यांच्यासमोर आपण नापास मुलगा उभा करायचा का, असं एका मोठ्या माणसाने मला बाजूला घेऊन विचारलं. कोणी विचारलं ते महत्त्वाचं नाही. नाव माझ्या हाताने खोडलं गेलं आणि त्या जागी सहामाहीत वर्गात दुसऱ्या आलेल्याचं लिहिलं गेलं. पहिला अर्थातच मी होतो, पण संयोजक असल्यामुळे बोलणार नव्हतो. सर जनगणनेच्या धावपळीत होते. त्यांनी यादीवर सही केली, मला वाटतं न वाचताच. मित्राला मी वेळाधिकारी केलं. टोल त्याच्याकडे दिला. तो काही बोलला नाही. उलट शनिवारी संध्याकाळी सतरंज्या झटकायला, बाकं हलवायला सगळ्यांत आधी आला.

लातूरची मुलं शनिवारी रात्री एसटीने पोचली. अहमदपूर, लोहा करत आलेली, धुळीने भरलेली. चित्रकलेच्या वर्गात त्यांची झोपायची सोय केली होती. पिठलं-भाकरी सरांच्या घरून आली. सकाळी पोहे. माइक सुरू झाला, बंद पडला, पुन्हा सुरू झाला. हे सगळं आपल्या लक्षात आहेच, ते सोडून देतो.

प्रतिमापूजन झालं आणि गुरुजींचा परिचय मी वाचला. सरांनी दिलेल्या टिपणांत इंटरच्या नापासाचा उल्लेख होता. तो मी काढून टाकला होता. पुण्यतिथीच्या दिवशी एवढ्या मोठ्या माणसाचं असलं काही सांगणं मला बरं वाटलं नाही. खरं सांगायचं तर आणखी एक कारण होतं. तो विषय, ती खोडलेली ओळ आणि टोलापाशी बसलेला मित्र, हे सगळं एका हॉलमध्ये असताना ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नसतं. मी हैदराबादहून थेट प्रतिभा निकेतनला आलो. सर दाराशी उभे होते, गणनेच्या कामातून तासभर सुटून आलेले. ते पुढे आले, माझ्या हातातून माइक घेतला आणि राहिलेलं सांगितलं. इंटर, नापास, पुन्हा नापास. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी टोलाच्या टेबलाकडे बघितलं. मित्र टोलाच्या दांड्याची दोरी बोटाला गुंडाळत होता.

आणि मग जे झालं त्याची कोणीच तयारी केली नव्हती. लातूरच्या एका मुलीला बाजूने बोलायची चिठ्ठी आली होती. तिने पाठ केलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि सरांनी आत्ताच सांगितलेली गोष्ट उचलली. तिचा मुद्दा असा होता की गुरुजी नापास झाले, पण शेवटी त्यांनीही परीक्षा दिलीच. एम.ए. झाले नसते तर कुठल्याही कॉलेजने त्यांना वर्गात उभं केलं नसतं. विद्वान ते आधीही असतील, पण ती विद्वत्ता गरीब, खेड्यातल्या, ओळखपाळख नसलेल्या माणसाला जगापुढे सिद्ध करायची तर परीक्षेशिवाय दुसरं दार कोणतं? वशिला? जात? वडिलांचं नाव? परीक्षा वाईट असेल, पण बाकीची दारं तिच्याहून वाईट आहेत. हॉल एकदम शांत झाला. मला आजही वाटतं, त्या दिवसातला सर्वांत दमदार मुद्दा तोच होता, आणि गुरुजी असते तर त्यांनीही तो आधी मान्य करून मगच पुढे पाऊल टाकलं असतं.

खंडनाच्या फेरीत तिच्यासमोर आपला स्पर्धक आला. नियमाप्रमाणे तिचा मुद्दा त्याला सांगायचा होता. त्याने सांगितला तो असा की समोरच्यांच्या मते नापास माणूस मूर्ख असतो. तिने मान हलवली नाही. त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा नाही. घड्याळ चालू. तिसऱ्यांदा तो काही बोलणार तोच दोन टोल पडले. टोल देणारा हात ज्याचा, त्यानेच खरं तर तिथे उभं असायला हवं होतं. फिरता करंडक लातूरला गेला आणि ते योग्यच झालं. आपल्या मुलाचा दोष नव्हता. त्याला दोन दिवस आधी उभं केलं होतं.

संध्याकाळी सतरंज्यांच्या घड्या घालताना मी मित्राला विचारलं, तू असतास तर काय म्हणाला असतास. तो घडी पुरी करेपर्यंत थांबला. मग म्हणाला की आधी तिचं सगळं कबूल केलं असतं, कारण ते खरं आहे. आणि नंतर एवढंच विचारलं असतं की निकालाच्या आदल्या दिवशी गुरुजींच्या डोक्यात जे होतं ते दुसऱ्या दिवशीही तेवढंच होतं ना? मग निकालाने मोजलं काय? कचेरीने कुठल्या रजिस्टरात नाव लिहायचं तेवढं निकालाने ठरवलं. ते रजिस्टर लागतं, नाही असं नाही. पण त्याला कसोटी म्हणायचं की दाखला, एवढाच प्रश्न आहे. हे तो सतरंजीचं दुसरं टोक मला धरायला देत बोलत होता. खोडलेल्या नावाबद्दल त्याने तेव्हाही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, हे मला पुढे तीस-बत्तीस वर्षं कळलं नाही.

गेल्या दिवाळीत मेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा मी त्याला मोंढ्यातल्या त्याच्या बी-बियाण्याच्या दुकानात जाऊन भेटलो. पोत्यावर बसलो आणि वहीचं सांगून टाकलं. त्याला ठाऊक होतं. वही तेव्हा बाकावर उघडीच पडलेली असायची. त्याने चहा मागवला आणि विचारलं की खोडल्यावर वर दुसरं नाव लिहिताना शाई वेगळी का वापरली होती. मला ते आठवत नव्हतं. त्याला आठवत होतं.

मेळाव्याच्या दिवशी सकाळी ९ ते दुपारी ४ सध्याच्या विद्यार्थ्यांची वादविवाद स्पर्धा ठेवली आहे. लातूरच्या शाळांना पत्रं गेली आहेत. गुरुजींचा नियम तसाच आहे. परीक्षक म्हणून त्याला बोलावलं, तर त्याने एकच अट घातली, की शाळेतली निवड करताना कोणाचंही गुणपत्रक मागायचं नाही. मुख्याध्यापकांनी ती मान्य केली. या वेळी चिठ्ठ्या तो काढणार आहे. जुना टोल प्रयोगशाळेच्या कपाटात सापडला. दांड्याची दोरी नवी बांधून घेतली आहे. वेळाधिकारी मी आहे.